पाते फिरंगी, मूठ दख्खनी

रघुजी भोसल्यांची तलवार १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत उतरली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज या लिलावघरात ती विक्रीला निघाली होती आणि राज्य सरकारने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळवली. बातम्या भरपूर आल्या. त्या बहुतेक मालकाविषयी होत्या: नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा पाया घालणारे, बंगालवर स्वाऱ्या करणारे पहिले रघुजी. तलवारीकडे एक घडवलेली वस्तू म्हणून पाहणारे लेखन फारच थोडे दिसले.

पाते सरळ, एकधारी आणि युरोपात घडलेले. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम, धरायच्या जागी हिरवे कापड. पात्याच्या पाठीवर, मुठीच्या बाजूला, देवनागरीत सोन्याची अक्षरे आहेत: 'श्रीमंत रघोजी भोसले सेना साहेब सुभा फिरंग'. फिरंग म्हणजे परदेशी पात्याची तलवार. पाते परदेशी आहे याचा मालकाला कमीपणा वाटत नव्हता. त्याने ते नावासकट आणि किताबासकट सोन्यात लिहून ठेवले.

मालकाचे नाव असे अडीच-पावणेतीनशे वर्षे टिकले. पण ज्याने ही मूठ घडवली, परमुलखातून आलेले पाते तिच्यात घट्ट बसवले, सोन्याची तार बोटाच्या पेराएवढ्या जागेत ठोकून फुले काढली, त्याचे नाव त्या तलवारीवर कुठेही नाही. मला या लेखात त्या माणसाचा माग काढायचा आहे. त्यासाठी मी मुळशी तालुका निवडला, कारण दरबारी तलवारी संग्रहालयांत पोहोचल्या, साध्या शिलेदाराच्या तलवारी मात्र अजून अशाच तालुक्यांतल्या घरांत आहेत.

बारा मावळांच्या यादीतली पौड खोरे, मुठे खोरे आणि कोरबारसे ही नावे आजच्या मुळशीच्या नकाशात बसतात. पौड खोऱ्याचे ढमाले, मुठे खोऱ्याचे मारणे, शेजारच्या मोसे खोऱ्याचे पासलकर ही देशमुख घराणी शिवकाळाच्या आरंभापासून कागदोपत्री आहेत. वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव आहे, त्या पाण्याच्या काठावर आता लवासाची घरे दिसतात. इथला गडी भाताची लावणी उरकून दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघे आणि पुढच्या पावसाआधी परत येई. त्यामुळे विळा-कोयता आणि तलवार-भाला एकाच ओसरीवर टांगलेले असत. सरकारी शस्त्रागाराला शिलेखाना म्हणत. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत तो होता, आणि 'राज्यव्यवहारकोशा'त तर शस्त्रांच्या नावांसाठी 'शस्त्रवर्ग' हा वेगळा भाग आहे. पण शिलेखान्यातले शस्त्र वेगळे आणि घरचे शस्त्र वेगळे. शिलेदाराने घोडा आणि हत्यार आपलेच आणायचे असे. आज वाड्यांत आणि देवघरांत दिसते ते हे घरचे शस्त्र.

अशीच एक तलवार मुठे खोऱ्यातल्या एका घरात मला हातात घेऊन पाहता आली. घराचे नाव सांगत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. पाते तीन फुटांहून थोडे अधिक, सरळ, पाठ जाड. मुठीपासून निम्म्या पात्यापर्यंत तीन उथळ पन्हळी शेजारी शेजारी धावतात. पुष्कळांना या पन्हळी रक्त वाहून जायला आहेत असे सांगितलेले असते. ते खरे नाही. पन्हळीमुळे पात्याचे वजन उतरते आणि ताठपणा जवळजवळ तसाच राहतो, पन्हळ काढण्याचे कारण एवढेच. मुठीपाशी दोन्ही बाजूंनी लोखंडाच्या लांबट पट्ट्या आल्या आहेत, त्यांच्यामध्ये पाते धरले आहे आणि आरपार रिव्हेट मारले आहेत. मुठीला हातभर रुंद वाटावी अशी परज आहे, आत गादीचे चिंधूक उरले आहे आणि मुठीच्या टोकाला वीतभर लांब गज आहे. गज दुसऱ्या हाताने धरून दोन हातांचा वार करता येतो, आणि तलवार म्यानात असताना हात विसावायलाही तो उपयोगी पडतो.

पात्याच्या एका अंगाला खूण होती: एकमेकीकडे तोंड केलेल्या दोन चंद्रकोरी, आतल्या कडेला करवतीचे बारीक दात. ही कोरीची खूण उत्तर इटलीतल्या, विशेषतः जेनोवाकडच्या पात्यांवर येई. पुढे जर्मन कारागिरांनी ती उचलली, कॉकेशसच्या डोंगरात उचलली, आपल्याकडच्या लोहारांनीही उचलली, कारण त्या खुणेला बाजारात भाव होता. म्हणून केवळ खुणेवरून पाते कुठले ते ठरत नाही. खुणेची खोली, दातांची संख्या, पन्हळीचा काट, पोलादाचा पोत हे सगळे एकत्र पाहावे लागते. मुठे खोऱ्यातल्या या पात्यावर ते पाहता आले नाही. एक चंद्रकोर पूर्ण होती, दुसरीची निम्मी गेली होती. दसऱ्याआधी घरातल्या तरुण मुलाने गंज काढायला ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पाते चकचकीत केले होते. त्याने ते प्रेमानेच केले. पण त्या दहा मिनिटांत पात्याचा जन्मदाखला अर्धा फाटला.

युरोपातले पाते मावळात कसे पोहोचले, हे समजले की या तलवारीची खरी गंमत कळते. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हापासून पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय पात्यांचा व्यापार सुरू झाला. पुढे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या मालातही तलवारीची पाती असत. ही पाती बहुधा बिनमुठीची येत. त्यामागे तिकडच्या धंद्याची रीत होती. जर्मनीत वुपर नदीकाठी झोलिंगेन नावाचे गाव आहे. तिथे मध्ययुगापासून पाती घडवणारे, त्यांना पाणी देऊन घासणारे आणि मुठी बसवणारे असे वेगवेगळे कारागीर-संघ होते, प्रत्येकाचा हक्क राखीव होता. नदीच्या प्रवाहावर सहाणा फिरत. एकसारखी, लांब, वाकवली तर पुन्हा सरळ होणारी पाती तिथून ढिगांनी बाहेर पडत आणि ज्या देशात जातील तिथली मूठ लेवून घेत. झोलिंगेनचा धावता लांडगा ही खूण त्या काळी जगभर नक्कल होण्याइतकी प्रसिद्ध होती. आजही त्या गावाचे नाव सुरी-कात्रीवर घालायचे तर माल तिथेच बनलेला असावा लागतो, असा जर्मनीत कायदा आहे.

मराठ्यांनी हे पाते उचलले ते डोळसपणे. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनी १८७५-७६च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला भेट दिलेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवार आपल्याकडे जगदंबा म्हणून ओळखली जाते. तिचे पातेही युरोपीय आहे, त्यावर आयएचएस ही ख्रिस्ती अक्षरे तीनदा ठोकलेली आहेत. देवीचे नाव धारण करणाऱ्या तलवारीवर ख्रिस्ती खूण राहिली आणि ती कोणी खरवडून काढली नाही. पाते चांगले होते, एवढे पुरेसे होते. डोंगरी मुलखात, अरुंद खिंडीत, पायदळाला घोडेस्वाराशी भिडताना लांब सरळ पात्याची भोसक आणि पल्ला कामाला येतो. अशा सरळ, लांब पात्याच्या तलवारीला आपल्याकडे धोप म्हणत.

पाते विकत मिळे, मूठ मात्र मिळत नसे. या धंद्यात आपला कारागीर उतरतो तो इथे, आणि माझ्या मते त्याचे काम पाते घडवणाऱ्याहून तिळभर हलके नाही. युरोपीय पाते बारीक आणि लवचिक असते. इकडचा वार जोरकस, खांद्यातून येणारा. मुठीपाशी नीट धरले नाही तर पाते तिथेच पिचणार. म्हणून दख्खनी कारागिराने मुठीतून दोन पट्ट्या खाली पात्यावर आणल्या आणि पाते त्यांच्यात रिव्हेटांनी जखडले. पट्ट्यांच्या कडा कमळाच्या पाकळीसारख्या कातरल्या, म्हणजे जोराचा भार एकाच रेषेवर न पडता पसरतो आणि दिसायलाही देखणे दिसते. पात्याचे अरुंद शेपूट मुठीच्या पोकळीत जाते. ती पोकळी वितळलेल्या लाखेने भरत, लाख थंड झाली की शेपूट आत घट्ट बसे. लाखेची खुबी अशी की वार करताना बसणारा हादरा ती थोडा गिळते, आणि पाते मोडले तर मूठ तापवून लाख सैल करून दुसरे पाते बसवता येते. म्हणूनच एका मुठीत दोन-तीन पिढ्यांनी दोन-तीन पाती बदललेली सापडतात, आणि पात्याचे वय व मुठीचे वय एकच असेल असे कधीही धरून चालता येत नाही.

या कामाला चार-पाच जातींचे हात लागत. लोहार मूठ ठोके. साध्या तलवारीची मूठ दोन अर्धुकांत घडवून पितळेची झाळ देऊन जोडत, तो सांधा नीट घासला की दिसतही नाही. शिकलगार पाते घासून धार लावी आणि झिलई देई. पश्चिम महाराष्ट्रात शिकलगार आडनावाची घरे आजही गावोगाव आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा तलवारीशी संबंध तुटून पिढ्या झाल्या. जिनगर लाकडाचे म्यान कोरून त्यावर कातडे किंवा मखमल चढवी. श्रीमंतांच्या तलवारीला कोफ्तगार लागे. लोखंडाच्या पृष्ठभागावर छिन्नीने आडव्या-उभ्या अतिबारीक रेघा मारून तो खरबरीत करायचा, त्यावर सोन्याची तार नक्षीप्रमाणे मांडायची, हलक्या हातोडीने ठोकत ती त्या रेघांत रुतवायची, मग तापवून अकिकाच्या दगडाने घोटायची. जुन्या मुठीवरचे सोने उडाले असेल तर भिंगाखाली या रेघा स्पष्ट दिसतात. त्यांची घनता, त्यांचा तिरकसपणा ही त्या कारागिराच्या हाताची खूण. सही म्हणून त्याने मागे ठेवले ते इतकेच.

नाव मागे न राहण्याचे दुःख आपल्याच कारागिराचे आहे असे नाही. इंग्लंडमध्ये सॅक्सनांच्या काळातल्या शस्त्रांकडे पाहिले तर तिथेही हीच कथा, फक्त पारडे उलटे. २००९ साली स्टॅफर्डशर परगण्यातल्या एका शेतात सातव्या शतकातल्या सोन्याचा प्रचंड साठा सापडला. हजारो तुकडे, त्यांतले बहुतेक तलवारींच्या मुठींवरून उचकटून काढलेले दागिने, गोमेदासारखे लाल दगड जडवलेले. पाते मात्र एकही नाही. कोणीतरी तलवारींच्या मुठींवरची शोभा सोलून पुरून ठेवली आणि पोलाद वेगळ्या वाटेने गेले. तिकडे मुठी उरल्या, पाती गेली. आपल्याकडे पात्यांचे नाव झाले आणि मुठी घडवणारे विस्मरणात गेले.

सॅक्सनांचे पाते कसे घडे हे १९३९ साली सफोकमधल्या सटन हू इथल्या राजथडग्यात मिळालेल्या तलवारीमुळे जगाला कळायला मदत झाली. ती म्यानातच गंजून एकजीव झाली होती, तिचे अंतरंग क्ष-किरणांनी दिसले. त्या काळी उत्तर युरोपात मोठा, एकजिनसी पोलादाचा गोळा मिळत नसे. मग लोहार वेगवेगळ्या गुणांच्या लोखंडाच्या कांबी दोर वळावा तशा वळून, एकमेकींशेजारी ठेवून तापवून ठोके. हा झाला पात्याचा गाभा. दोन्ही कडांना कडक पोलादाच्या पट्ट्या जोडून धार काढी. नंतर आम्लात बुडवले की गाभ्यावर मासोळीच्या काट्यासारखी नक्षी उमटे. उणीव भागवण्यासाठी काढलेली ही युक्ती पुढे शोभाच ठरली. सॅक्सनांचे दुसरे शस्त्र म्हणजे सीअॅक्स, एका धारेचा जाड पाठीचा लांब सुरा. लंडनला टेम्स नदीत १८५७ साली मिळालेला असा एक सुरा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सुमारे ७२ सेंटिमीटर लांब, पात्यावर तांबे, पितळ आणि चांदीच्या तारांनी रूनी लिपीची २८ अक्षरे जडवलेली, आणि पुढे एक नाव: बेअॅग्नोथ. हा मालक की लोहार, यावर अजून एकमत नाही. रघुजींच्या तलवारीपाशी हा प्रश्नही पडत नाही, कारण तिथे किताबच लिहिलेला आहे.

पोलादाच्या बाबतीत मात्र दख्खन त्या काळी युरोपाच्या फार पुढे होते, आणि हे अभिमानाने सांगायला कोणताही आडपडदा नको. विदर्भातल्या नायकुंड इथे १९७८ ते ८०च्या दरम्यान शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. जवळच्या माहुरझरीत सापडलेल्या एका छिन्नीचा डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी धातुशास्त्रीय अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ती पोलादी निघाली. सॅक्सन इंग्लंडच्या किनाऱ्याला लागण्याच्या हजारभर वर्षे आधी आपल्या भूमीत लोखंडाला पोलाद करण्याची जाण होती.

पुढे तेलंगण, कर्नाटक, तमिळ प्रदेशांत मुशीत पोलाद करण्याची कला पूर्णत्वाला गेली. निजामाबादजवळचे कोनासमुद्रम् हे त्याचे नामांकित केंद्र. भाताचा जळका तूस मिसळलेल्या मातीची बंद मूस, आत लोखंडाचे तुकडे आणि लाकूडपाला. कोळशाच्या भट्टीत भात्याने तासन्‌तास धमायचे, मग मूस हळूहळू निवू द्यायची. फोडली की आत पोलादाचा गोळा मिळे, कार्बन एक ते दोन टक्के. इराणी व्यापारी हे गोळे विकत घ्यायला कोनासमुद्रम्‌पर्यंत येत. या पोलादाची कसोटी घडणावळीत लागे. मंद लालीवरच ते ठोकावे लागते, पांढरे होईतो तापवले की हातोड्याखाली विरजल्यासारखे फुटते. युरोपीय लोहारांना पांढऱ्या आचेची सवय, म्हणून त्यांच्या हातून ते पुन्हापुन्हा फुटे. नीट ठोकले तर पात्यावर पाण्याच्या लहरींसारखे जौहर उमटते. त्या लहरी म्हणजे कार्बाइडच्या कणांच्या रांगा. खनिजातल्या व्हॅनेडियमसारख्या अंशांमुळे त्या रांगा धरतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले, आणि त्यातून जॉर्ज पिअर्सनपासून मायकेल फॅरेडेपर्यंतच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला.

मग इतके पोलाद घरी असताना फिरंगी पाते का? कारणे व्यवहारी आहेत. मुशीचा गोळा लहान असतो, त्यातून साडेतीन फुटांचे सरळ पाते काढणे कष्टाचे. त्याची धार अप्रतिम, पण बाकदार, कापणाऱ्या पात्याला ते अधिक साजते. लांब सरळ पात्याला लवचिकपणा हवा, तो झोलिंगेनच्या पात्यात होता, आणि तो माल जहाजातून थोकात येत होता. रोजच्या वापरातल्या लोखंडाची गरज सह्याद्रीत धावड भागवत. महाबळेश्वराच्या बाजूला जांभ्यातले खनिज गाळून ते लोखंड काढत. त्याला लागणारा कोळसा जंगलातून येई. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली, स्वस्त विलायती लोखंड आले, धावडांच्या भट्ट्या विझल्या.

पौडच्या रस्त्यावर आज एका लोहाराच्या शेडमध्ये जे चालते ते पाहताना हे सगळे शास्त्र हातांत कसे जिवंत राहते ते कळते. भात कापणीचे दिवस जवळ आले की विळे आणि कोयते धारेला येतात. त्याचे लोखंड ट्रकच्या कमानीचे पाटे. हे चांगले कडक पोलाद, भंगारात मिळते. भात्याच्या जागी आता विजेचा ब्लोअर आहे, ऐरण आणि घण तेच. पाट्याचा तुकडा लाल झाला की सांडशीत धरून एक जण फिरवतो, दुसरा घण मारतो. मला पाहायचे होते ते पाणी देणे. कोयत्याची फक्त धारेची बाजू त्याने लाल केली, तिरकी धरून पाण्याच्या डब्यात क्षणभर बुडवली, बाहेर काढली, विटेच्या तुकड्याने खसकन एक पट्टा घासून पांढरा केला आणि त्याकडे बघत थांबला. पाठीत उरलेली आच धारेकडे सरकू लागली. पांढऱ्या पट्ट्यावर आधी फिकट पिवळा रंग आला, मग गडद पिवळा, तपकिरीकडे झुकता झुकता त्याने कोयता पूर्ण पाण्यात सोडला. पुढे जांभळा आणि निळा आला असता तर धार मऊ पडली असती. "पाणी कमी झालं तर धार वळतीय, जास्त झालं तर कपचा उडतोय," एवढेच तो म्हणाला आणि दुसरा कोयता घेतला. धातुशास्त्राच्या पुस्तकात या पिवळ्या रंगाला अंशांत तापमान दिलेले असते. या माणसाला तो अंश ठाऊक नाही, रंग ठाऊक आहे. तलवारीच्या धारेला पाणी देणाऱ्यालाही हाच रंग पाहावा लागे. पिरंगुटच्या कारखान्यांत सुटे भाग कडक करणारे अभियंते रोज हेच करतात, फक्त त्यांच्यासमोर आकडा दाखवणारा पडदा असतो. त्या कारखान्यांच्या दारावरून जाणाऱ्या शाळेच्या सहली या शेडपाशी कधीच थांबत नाहीत. हे मला मनापासून खटकते.

तलवारीचा अंमल मुळशीत कसा संपला त्याचा एक पक्का दिवस नाही, पण एक खूण आहे. कोराईगड शिवाजी महाराजांनी १६५७मध्ये घेतला. तालुक्याच्या पश्चिम टोकाला आंबवण्याजवळ तो उभा आहे, दोन किलोमीटरभर तटबंदी आजही जवळजवळ अखंड. तटावर तोफा आहेत, सर्वांत मोठीला लक्ष्मी म्हणतात. मार्च १८१८मध्ये कर्नल प्रोथरच्या फौजेने वेढा घातला. तोफगोळ्याने गडावरचे दारूकोठार पेटले आणि मग गड पडला. तटाआडच्या शिबंदीजवळ तलवारी होत्या, पट्टे होते, त्यांचा उपयोग करता येईल इतका शत्रू जवळ आलाच नाही. पुढे १८७८च्या हत्यारबंदी कायद्याने घरोघरची शस्त्रे गोळा झाली किंवा माळ्यावर, भिंतीत, विहिरीत गेली. मूठ घडवणाऱ्यांचा धंदा त्याच पन्नास-साठ वर्षांत बुडाला. तरी १९२४च्या अखेरीस, टाटांच्या मुळशी धरणाविरुद्धच्या लढ्यात, सेनापती बापटांनी हातात तलवार आणि पिस्तूल घेऊन बांधकामाची रेल्वे अडवली होती. त्यांना सात वर्षांची सजा झाली.

आता या शस्त्रांचा पुन्हा गौरव होतो आहे. २०२४मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र झाला. त्याच वर्षी जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून तिकडे गेलेली. महाराजांनी अफझलखानावर वापरली ती हीच, असे ठामपणे सांगता येत नाही, हे लंडनच्या त्या म्युझियमनेच नोंदवले आहे. त्यावर आपल्याकडे बराच वाद झाला. त्यातून घ्यायचे ते मला वेगळे दिसते. एखादे शस्त्र कोणाचे, कधीचे, कुठले, हे नंतर सिद्ध करायचे असेल तर त्या शस्त्रावरच्या खुणा आणि त्यासोबतची नोंद या दोनच गोष्टी साक्षीला येतात. लंडनहून लाखो रुपये खर्चून एक तलवार आणता येईल. मुळशीतल्या, मावळातल्या, भोरमधल्या देवघरांतल्या शेकडो पात्यांवरच्या खुणा ग्राइंडरखाली गेल्यावर त्या कोणत्याही लिलावातून परत येणार नाहीत. मूठ घडवणाऱ्या त्या निनावी माणसाचा दाखला एवढाच आहे, आणि तो आपल्या ओसरीवर आहे.

म्हणून ज्यांच्या घरी असे पाते आहे त्यांना माझी कळकळीची विनंती. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण पात्याला सँडपेपर, तारेचा ब्रश, चिंच, लिंबू, राख यांतले काहीही लावू नका. हळदकुंकवाचे ओले बोट पात्यावर न टेकवता समोरच्या पाटावर टेकवा, कारण ओल आणि हळद-कुंकू पोलादाला गंज आणतात. हाताच्या घामातले मीठही आणते, म्हणून सुती मोजे घालून पाते धरा. वर्षभर म्यानात ठेवू नका, जुने लाकूड आणि कातडे ओल धरते. कोरड्या कापडाने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या आणि सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. मुठीची सैल झालेली लाख फेविकॉलने किंवा एम-सीलने भरू नका. पाते मुठीतून काढायचा प्रयत्न करू नका.

मग मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा: दोन्ही अंगे, पाठ, मूठ आतून-बाहेरून, प्रत्येक खूण जवळून. लांबी आणि वजन लिहा. घरातल्या थोरल्यांना ही तलवार कोणाची, कोणत्या गावाहून आली हे विचारून तारीख घालून वहीत उतरवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवणे गुन्हा आहे. परवान्याबाबतचे नियम तालुक्याच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तिथले जाणकार खुणा वाचून सांगतील. त्यांना दाखवून होईपर्यंत पाते आहे तसेच, गंजासकट, राहू द्या.